नर्सिंगला का आलात? पगार, सेवा आणि वॉर्डातलं रोजचं काम

पाठनिर्देशिका (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. मी विदर्भातल्या एका नर्सिंग कॉलेजात शिकवते. त्याआधी बरीच वर्षं सरकारी रुग्णालयात वॉर्डवर काढली. दरवर्षी बीएस्सी आणि जीएनएमची (नर्सिंगच्या पदविकेची) नवी बॅच आली की पहिल्या आठवड्यात आम्ही एक प्रश्न विचारतो, नर्सिंगला का आलात? पूर्वी उत्तर ठरलेलं असायचं, "रुग्णसेवा करायची आहे." यंदा एका मुलीनं उभं राहून सरळ सांगितलं, "मॅडम, जर्मनीला जायचंय. बाबांचं कर्ज फेडायचंय." तिच्यामागून कुणी दुबई म्हणालं, कुणी सरकारी नर्सभरतीची डीएमईआरची परीक्षा.

स्टाफरूममध्ये यावरून बराच वाद झाला. एक ज्येष्ठ सहकारी म्हणाल्या, "पैशासाठी आलेली मुलगी रात्री तीनला रुग्णाची कूस बदलायला उठेल का?" मला स्वतःला त्या मुलीचं उत्तर खटकलं नाही, ती खरं बोलली याचं बरंच वाटलं. कोण कशासाठी आलं यावरून ते रुग्णाला कसं सांभाळतील हे ठरत नाही, असं माझं मत आहे. पण ज्येष्ठ बाईंनी पस्तीसएक वर्षं रुग्ण सांभाळलेत, त्यांचं म्हणणं उडवून लावावं असंही वाटत नाही. नर्स, डॉक्टर, नातेवाईक, सगळ्यांनी अनुभव लिहा.

गोदाकाठ

त्या मुलीला माझ्याकडून शाबासकी. इंजिनिअरिंगला जाणारा मुलगा पॅकेज विचारतो तेव्हा आपण त्याला व्यवहारी म्हणून नावाजतो. नर्सिंगच्या मुलीनं विचारलं की लगेच तिच्या मनाची परीक्षा सुरू.

सदू_मास्तर

मी जरा विरुद्ध बाजूनं लिहितो. इंजिनिअरचा पूल आणि नर्सचा माणूस यात फरक आहे. बेशुद्ध रुग्णाला तक्रार करता येत नाही. त्याचं कुणी पाहिलं न पाहिलं हे फक्त त्या नर्सला आणि तिच्या मनाला ठाऊक. तिथे पगार काय करणार?

मुंबईच्या केईएम रुग्णालयाचं उदाहरण घ्या. अरुणा शानबाग या तिथल्याच परिचारिका. नोव्हेंबर १९७३ मध्ये त्यांच्यावर हल्ला झाला, त्या कायमच्या अंथरुणाला खिळल्या आणि मे २०१५ मध्ये गेल्या. मधली जवळपास ४२ वर्षं केईएमच्या नर्सेसनी त्यांना भरवलं, न्हाऊमाखू घातलं, पाठीला जखम होऊ दिली नाही. ज्या मुली नंतर नोकरीला लागल्या त्यांनी अरुणाताईंना चालता-बोलता कधी पाहिलंही नव्हतं. हे कुठल्या वेतनश्रेणीत बसतं ते मला कुणी सांगावं.

हिरवा_चाफा

मास्तर, हे वाचून गलबलून आलं. दयामरणाच्या याचिकेवरच्या मार्च २०११ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानंही अरुणाताईंच्या बाबतीत निर्णय घेण्याचा अधिकार केईएमच्या कर्मचाऱ्यांचाच मानला होता. इतकी वर्षं त्यांनी सांभाळलं म्हणून.

रातराणी_मुंबई

मी महापालिकेच्या रुग्णालयात आहे, केईएममध्ये नाही, पण हा इतिहास आमच्या पिढीनं ज्येष्ठ सिस्टर्सच्या तोंडून ऐकलाय. मास्तर, तुम्ही सांगितलेलं अक्षर अन् अक्षर खरं आहे. फक्त त्याला आणखी एक बाजू आहे.

त्या हल्ल्यानंतर मुंबईतल्या नर्सेस संपावर गेल्या होत्या. अरुणाताईंची नीट व्यवस्था व्हावी आणि आमच्या कामाच्या ठिकाणी सुरक्षितता, सोयी मिळाव्यात, या दोन मागण्या एकत्रच होत्या. पुढे ऐंशीच्या दशकात पालिकेनं ती खाट रिकामी करून त्यांना दुसरीकडे हलवायचा प्रयत्न केला तेव्हा केईएमच्या नर्सेस पुन्हा उभ्या राहिल्या आणि पालिकेला माघार घ्यावी लागली. हे करायला हिंमत लागते, आणि ती हिंमत कायम नोकरीतून येते. ११ महिन्यांच्या कंत्राटी ऑर्डरवर असलेली मुलगी प्रशासनाला "खाट हलू देणार नाही" म्हणू शकेल का? तिची पुढची ऑर्डरच निघणार नाही. या बायकांना पगार होता, पेन्शन होतं, पाठीशी युनियन होती. म्हणून ती माया ४२ वर्षं टिकली. माया आणि पगार एकमेकांच्या आड येत नाहीत, हेच मला केईएममध्ये दिसतं.

गोदाकाठ

रातराणी, दंडवत घ्या.

वेनफ्लो_पुणे

मी खासगीत आहे. जीएनएम, मग पोस्ट बेसिक बीएस्सी. हातात १६ हजार येतात. वर चर्चा मनाची चाललीय, मी चार्टचं सांगते.

टीपीआर चार्ट सगळ्यांनी पाहिला असेल, खाटेच्या पायथ्याशी लटकत असतो. ताप, नाडी, श्वास. कुठल्याही गर्दीच्या वॉर्डात जा आणि श्वासाचा रकाना वाचा. या खाटेला २०, त्या खाटेला २०, सकाळी २०, रात्री २०. न्यूमोनियाच्या आजोबांचे २० आणि हर्नियाच्या पोराचेही २०. श्वास मोजायला पूर्ण एक मिनिट लागतं, रुग्णाला कळू न देता छातीकडे बघत राहावं लागतं, कळलं की तो श्वास बदलतो. म्हणून मनगट नाडी मोजल्यासारखं धरून ठेवायचं आणि श्वास मोजायचे, हे पहिल्या वर्षाला शिकवतात. सगळ्यांना येतं. पण रात्री एका नर्सकडे ३५-४० रुग्ण असले तर नुसत्या श्वासांना ४० मिनिटं गेली. त्यात अँटिबायोटिक्स, संपलेली सलाईन, एक नवीन अॅडमिशन, खालून ऑपरेशन थिएटरचा फोन. मग रकाना भरायचा म्हणून भरला जातो.

आणि रुग्ण बिघडायला लागला की बऱ्याचदा सगळ्यात आधी श्वासच वाढतात, बीपी नंतर पडतं. म्हणजे जो आकडा जीव वाचवू शकतो तोच कुणी मोजत नाही. त्या रकान्यात २० लिहिणारी मुलगी पैशासाठी आली होती की सेवेसाठी, याचा काय संबंध? दोघीही तेच लिहिणार. इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या निकषात साध्या वॉर्डात शिकवणाऱ्या रुग्णालयासाठी तीन रुग्णांमागे एक आणि इतर रुग्णालयांत पाचांमागे एक नर्स आहे. पाच रुग्ण द्या, मग माझी नीती तपासा.

अनुस्वार

बाप रे. आईच्या चार्टवर रोज २० च होतं आणि आम्ही घरी सगळ्यांना सांगत होतो, श्वास अगदी स्थिर आहे बरं का!

पाठनिर्देशिका

वेनफ्लो, मी हे उद्याच्या वर्गात वाचून दाखवणार आहे, चालेल ना?

वेनफ्लो_पुणे

चालेल मॅडम. फक्त मोजायचंही सांगा, नाहीतर पोरी म्हणतील मॅडमनीच २० लिहायला सांगितलं. :)

डॉक_सांगली

माझं २० खाटांचं रुग्णालय आहे, तालुक्याच्या गावी. आता माझ्यावर दगड येणार हे गृहीत धरून लिहितो.

आठवड्याची सुट्टी आणि रजा धरल्या तर एका जागेवर चोवीस तास एक नर्स ठेवायला चार माणसं लागतात. प्रत्येक पाळीत दोघी हव्या तर आठ. वीस हजारांनी महिन्याला १,६०,००० रुपये झाले. सरकारी आरोग्य योजनेतल्या रुग्णांचे पैसे कधी येतील त्याचा भरवसा नाही, आणि रोख बिल वाढवलं तर रुग्ण जिल्ह्याला जातो. प्रशिक्षित मुलगी घेतली, आयसीयूचं काम शिकवलं, की सरकारी भरतीत तिचं नाव लागतं. मी अडवत नाही, पेढे देऊन पाठवतो. पण मग मागे राहतात त्या गावातल्याच, इथेच शिकलेल्या, नोंदणी नसलेल्या मुली. त्यांच्यातल्या काही इतक्या मायाळू आहेत की रुग्ण त्यांचं नाव घेऊन विचारत येतात. पगारापेक्षा त्यांना इथल्या माणसांची ओढ आहे, हे मी रोज पाहतो. म्हणून सगळं पैशावर आणून ठेवू नका एवढंच म्हणणं.

अधिसूचना

डॉक्टर, दगड नाही, आकडे देते.

जानेवारी २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ट्रेन्ड नर्सेस असोसिएशन ऑफ इंडियाच्या याचिकेवर केंद्राला समिती नेमायला सांगितलं. समितीनं शिफारस केली ती अशी. २०० च्या वर खाटा असतील तर राज्य सरकारच्या नर्सइतका पगार. १०० ते २०० खाटा असतील तर त्यापेक्षा फार तर १० टक्के कमी. ५० ते १०० असतील तर फार तर २५ टक्के कमी. आणि ५० पेक्षा कमी खाटा असल्या तरी २०,००० च्या खाली नाही. शिफारशी राज्यांकडे गेल्या, अंमल राज्यांवर सोडला.

राज्य सरकारी अधिपरिचारिकेचं (स्टाफ नर्सचं) मूळ वेतन सातव्या आयोगात ३५,४०० पासून सुरू होतं, केंद्रात ४४,९०० पासून. वर महागाई भत्ता. आता वेनफ्लोताईंचे १६ हजार शेजारी ठेवा. काम तेच, नोंदणी त्याच महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची.

केरळमध्ये हे बदललं ते समितीमुळे नाही. २०११ पासून युनायटेड नर्सेस असोसिएशननं जिल्ह्याजिल्ह्यात संप केले, तेव्हा कुठे एप्रिल २०१८ मध्ये खासगी नर्सेससाठी २०,००० रुपये किमान मूळ वेतनाची अधिसूचना निघाली. तिथली छोटी रुग्णालयंही तेव्हा डॉक्टरांचंच म्हणणं मांडत होती.

आणि डॉक्टर, नोंदणी नसलेल्या मुलींच्या मायेबद्दल मला शंका नाही. पण पोटॅशियमचं इंजेक्शन न मिसळता सरळ शिरेत द्यायचं नसतं, हे मायेनं कळत नाही.

डॉक_सांगली

शेवटचं वाक्य मान्य. माझ्याकडे पोटॅशियम कुलपात असतं आणि किल्ली माझ्याकडे किंवा जीएनएम सिस्टरकडे. पगाराच्या बाबतीत सरकारनं योजनेचे दर वाढवले आणि वेळेवर दिले तर वीस हजार द्यायला मी पहिला तयार आहे. लिहून देतो.

कोल्हापुरी_रस्सा

विषय थोडा बाजूला नेतो. वहिनीच्या बाळंतपणात एका सरकारी रुग्णालयात बाळ बाहेर आलं की लगेच "बक्षीस द्या". मुलगा असेल तर ५००, मुलगी असेल तर २००. पेढ्याबरोबर पैसे दिल्याशिवाय बाळ हातात देईनात. याला कुठली नीती म्हणायची?

रातराणी_मुंबई

दादा, ही खरंच लाजेची गोष्ट आहे आणि ती अनेक ठिकाणी चालते. फक्त तुम्ही म्हणता त्या बहुतेक वेळा नर्स नसतात, मावशी किंवा आया असतात. पांढरा नाहीतर निळा ड्रेस दिसला की नातेवाईक सगळ्यांना सिस्टरच म्हणतात. मुलाचा दर जास्त आणि मुलीचा कमी, हे ऐकलं की मला पैशापेक्षाही त्याचाच जास्त राग येतो. तक्रार वैद्यकीय अधीक्षकांकडे लेखी करा, तोंडी केलेली हवेत जाते.

ब्रदर_लातूर

पुरुषांच्या बाजूनंही कुणीतरी लिहायला हवं. मी आयसीयूत आहे. वॉर्डात सगळे "ब्रदर" म्हणतात, गावात "कंपाउंडर" म्हणतात आणि स्थळं बघायला गेलं की "मुलगा मेडिकलमध्ये आहे" एवढंच सांगतात. :) आमच्याकडे प्रेरणा वगैरे कुणी विचारत नाही, पगार किती एवढाच प्रश्न. म्हणजे पुरुषानं पैशासाठी नर्सिंग केलं तर तो घर चालवतो आणि बाईनं केलं तर तिला सेवाभाव नाही. धागाकर्त्या ताई, तुमच्या स्टाफरूममध्ये मुलांच्या उत्तरांवर चर्चा झाली का हो?

पाठनिर्देशिका

ब्रदर, नाही झाली. एका मुलानंही "सरकारी नोकरी" असंच उत्तर दिलं होतं आणि त्यावर कुणी अवाक्षर काढलं नाही. तुम्ही विचारलंत म्हणून लक्षात आलं.

हिरवा_चाफा

ब्रदरच्या मुद्द्याला धरून थोडा इतिहास. आपण ज्यांची जयंती १२ मेला परिचारिका दिन म्हणून साजरी करतो त्या फ्लॉरेन्स नाइटिंगेल श्रीमंत घरातल्या. वडील त्यांना वर्षाला ५०० पौंड देत, त्या काळी ती मोठी रक्कम होती. त्यामुळे त्यांना पगाराशिवाय काम करणं परवडलं. दिवा घेऊन रात्री वॉर्डात फिरणारी बाई आपण भिंतीवर लावली, पण त्यांनी क्रिमियाच्या युद्धानंतर मृत्यूंचे तक्ते मांडून सरकारकडून सुधारणा करून घेतल्या, ते चित्र कुणी लावत नाही.

आपल्याकडे गोष्ट वेगळी होती. रमाबाई रानड्यांच्या सेवासदननं पुण्यात ससून रुग्णालयात बायकांना नर्सिंगचं शिक्षण मिळवून द्यायला सुरुवात केली, तेव्हा त्यात विधवा होत्या, टाकलेल्या बायका होत्या. परक्या पुरुषाच्या अंगाला हात लावायचा म्हणून समाजानं नावं ठेवली. त्या बायकांना स्वतःच्या पायावर उभं राहायचं होतं, कुणाच्या ओसरीवर तुकडा मोडायचा नव्हता. पगार हेच तर कारण होतं! त्यांना कमी प्रतीच्या नर्स म्हणायची माझी छाती नाही.

सदू_मास्तर

चाफा, सेवासदनचा मुद्दा मला पटला. रातराणींनी केईएमची सांगितलेली दुसरी बाजूही मला ठाऊक नव्हती. पण माझा मूळ प्रश्न तसाच आहे. एकाच रुग्णालयात, एकाच पगारावर, एकाच पाळीत दोघी असतात. एक पडदा ओढून मग रुग्णाचे कपडे बदलते, दुसरी सगळ्या वॉर्डासमोर. माझ्या थोरल्या भावाच्या आजारपणात मी हे रोज पाहत होतो. रुग्णसंख्या दोघींची तीच. हा फरक कुठून येतो? पगारातून तर नाही.

लंडनस्थ_सिस्टर

मास्तर, तुमच्या प्रश्नाचं उत्तर मी दोन देशांत शोधलंय. मिरजेला शिकले, आता इंग्लंडात एनएचएसमध्ये, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेत आहे. मला जे दिसलं ते असं, तो फरक बहुतेक वेळा वॉर्डाच्या इन्चार्जमधून येतो. मिरजेला आमच्या परिसेविका, म्हणजे वॉर्डाच्या इन्चार्ज, राउंडला आल्या की आधी चार्ट बघायच्या नाहीत. पडून पडून जखम होतेय का म्हणून चादर वर करून टाचा बघायच्या, मग माकडहाडाजवळ हात घालून त्वचा ओलसर आहे का पाहायच्या. पडदा ओढल्याशिवाय चादरीला हात लावलेला त्यांना चालायचा नाही. आमच्यातल्या काही मुली घरच्यांनी ढकलल्या म्हणून आल्या होत्या, एक तर लग्न टाळायला आली होती. वर्षभरात सगळ्या पडदा ओढायला लागल्या. इकडेही तेच आहे, चांगली वॉर्ड मॅनेजर असेल तर वॉर्ड सुधारतो.

पैशाचं म्हणाल तर २०२० मध्ये इथे दर गुरुवारी रात्री आठला लोक दारात येऊन आमच्यासाठी टाळ्या वाजवत. आपल्याकडे २२ मार्चला थाळ्या वाजल्या. बरं वाटायचं, खोटं कशाला सांगू. पण घरभाडं टाळ्यांनी भरत नाही. १५ डिसेंबर २०२२ ला रॉयल कॉलेज ऑफ नर्सिंग या इथल्या नर्सेसच्या संघटनेनं तिच्या शंभरहून अधिक वर्षांच्या इतिहासातला पहिला देशव्यापी संप केला. मीही थंडीत फलक घेऊन उभी होते. आयसीयू आणि केमोथेरपी चालू ठेवली होती. आमच्या मागणीत पगाराइतकाच भर वॉर्डात माणसं पुरेशी असण्यावर होता, कारण पगार नाही म्हणून माणसं सोडून जातात आणि उरलेल्यांच्या वाट्याला जास्त रुग्ण येतात. वेनफ्लोनं लिहिलेला २० चा रकाना इथूनच सुरू होतो.

सदू_मास्तर

हे उत्तर मला मान्य आहे. म्हणजे पडदा ओढणं शिकवता येतं. मग कशासाठी आलीस हे विचारण्यापेक्षा तिला कोणत्या वॉर्डात, कुणाच्या हाताखाली पाठवता हे जास्त महत्त्वाचं.

वेनफ्लो_पुणे

आणि तिच्याकडे किती रुग्ण देता हेही. परिसेविकेच्या जागाच रिकाम्या ठेवल्या, खाली कंत्राटी मुली आणल्या, तर टाचा कोण बघणार? २०२२ च्या मे महिन्यात राज्यातल्या सरकारी नर्सेस बाह्यस्रोत भरतीविरुद्ध संपावर गेल्या त्या याच कारणानं. पेपरात मात्र रुग्णांचे हाल एवढंच आलं.

अनुस्वार

नातेवाईक म्हणून आम्ही काय करू शकतो? मनापासून विचारतोय.

रातराणी_मुंबई

दाखल करताना विचारा, रात्री या वॉर्डात किती रुग्णांमागे किती नोंदणीकृत नर्स आहेत. एसी आणि टीव्हीबद्दल सगळे विचारतात, हे कुणी विचारत नाही. पुरेशा नातेवाइकांनी विचारलं तर व्यवस्थापन विचार करेल. रात्री राहणार असाल तर दर दोन तासांनी कूस बदलायला मदत करा, पण कशी बदलायची ते सिस्टरकडून शिकून घ्या, ओढून नाही, उचलून.

पाठनिर्देशिका

सगळ्यांचे आभार. धागा स्टाफरूममध्ये वाचून दाखवला. ज्येष्ठ बाईंना मिरजेच्या परिसेविकांचा परिच्छेद फार आवडला, म्हणाल्या आमच्याही अशाच होत्या. पैशाबद्दलचं त्यांचं मत तसंच आहे आणि माझं माझ्याजवळ. पण दुसऱ्या वर्षाच्या मुलींना क्लिनिकल पोस्टिंग देताना यंदा आम्ही दोघी मिळून वॉर्ड निवडणार आहोत, जिथे इन्चार्ज चांगल्या आहेत तेच. आणि श्वास पूर्ण मिनिट मोजल्याशिवाय चार्टवर सही मिळणार नाही.

आई_बुलढाणा

नवीन सदस्य आहे. माझी मुलगी बीएस्सी नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, तिलाही जर्मनी करायचंय. एक एजंट तीन लाख मागतोय आणि मूळ कागदपत्रं आत्ताच जमा करा म्हणतोय. काय करावं?

वेनफ्लो_पुणे

ताई, मूळ कागदपत्रं कुणालाच देऊ नका, एजंटला नाही आणि रुग्णालयालाही नाही. केरळच्या नर्सेस २०११-१२ मध्ये लढल्या त्यात बाँड आणि अडवून ठेवलेली प्रमाणपत्रं हाच मोठा मुद्दा होता. पाहायला मागितली तर समोर बसून दाखवा, द्यायच्या त्या साक्षांकित प्रती. पैसे आत्ता अजिबात देऊ नका, अजून पदवी आणि कौन्सिलची नोंदणी व्हायची आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारनं जर्मनीच्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केलाय, त्याची काय सोय आहे ते आधी जिल्ह्यात चौकशी करून घ्या. तोवर तिला भाषा सुरू करू द्या. नर्स म्हणून मान्यता मिळायला साधारण बी २ पातळी लागते, ती कॉलेज सांभाळून गाठायला वेळ लागतो. आणि एजंटनं लेखी काही दिलं असेल तर नाव झाकून इथे टाका, लंडनस्थ आणि अधिसूचना दोघी वाचून सांगतील.

अधिसूचना

टाका ताई, आज रात्रीच बघते.